खर्जाचा जुना बाजार

बास गिटारची वापरलेली पेडलं, अ‍ॅम्प आणि खुद्द वाद्यं यांच्या खरेदी-विक्रीकडे आपल्याकडे स्वस्ताईच्या नजरेनं पाहिलं जातं. नवं परवडत नाही म्हणून जुनं, एवढाच त्यामागचा विचार. मला वाटतं, बासवादकानं जुन्याचा विचार आधी करावा आणि नव्याचा नंतर. फक्त एक अट आहे. घेतलेली वस्तू बिघडली तर आपल्या शहरात कुणाला तरी ती उघडून दुरुस्त करता आली पाहिजे. वय, नाव, रंग, बनावटीचा देश यांच्यापेक्षा किंमत या एका गोष्टीवर ठरायला हवी. बाजार ती भलत्याच गोष्टींवर ठरवतो, आणि जाणत्या गिऱ्हाईकाला तिथेच वाव मिळतो.

हा बाजार मुळात लहान आहे. बँडमध्ये गिटारवादक दोन असू शकतात, बासवादक एकच. त्यामुळे बाससाठी खास बनवलेली पेडलं कमी, ती घेणारे कमी, आणि नुसती जमवून ठेवणारे तर फारच कमी. गिटारच्या बाजूला गोष्टी कुठवर जातात हे क्लॉन सेंटॉर या पेडलावरून दिसतं. बिल फिनेगन यांनी ते १९९४ पासून बनवायला घेतलं आणि सुमारे ८,००० नगांनंतर थांबवलं. नवं असताना ३२९ डॉलरला मिळणारं हे पेडल आज हजारो डॉलरना विकलं जातं. आतलं सर्किट त्यांनी एपॉक्सीच्या थराखाली झाकलं होतं. लोकांनी तो थर खरवडून सर्किट उलगडलं, नकला निघाल्या, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सनं त्याच धर्तीचं स्वस्त सोल फूड बाजारात आणलं, तरी मूळ पेडलाचा भाव चढतच राहिला. तिथे पैसे दुर्मीळपणाचे मोजले जातात. बासच्या वाट्याला अशी चढाओढ क्वचित येते. ज्या थोड्या जुन्या बास पेडलांना मागणी आहे ती वाजवणाऱ्यांनी कानानं निवडलेली आहेत, आणि या क्षेत्राविषयी मला आपुलकी वाटते ती त्यामुळेच.

हा कानाचा निवाडा समजायला थोडं भौतिकशास्त्र लागतं. बासची सर्वांत खालची मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्झला कंप पावते, पाच तारांच्या बासची बी तार ३१ हर्ट्झच्या आसपास. गिटारची खालची ई तार ८२ हर्ट्झला असते. बहुतेक ओव्हरड्राइव्ह पेडलं गिटार डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात आणि आवाज गढूळ होऊ नये म्हणून त्यांच्यातले कपॅसिटर खालचे सूर मुद्दाम कापतात. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरमध्ये आवाज फाटतो त्या टप्प्यावर सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग क्रमानं कमी होत जातो. गिटारला त्यानं उठाव येतो. बासचा मात्र पायाच निघून जातो. म्हणून बासच्या चांगल्या पेडलावर मूळ स्वच्छ आवाज मिसळण्याचं एक वेगळं बटण असतं. गिटारचं पेडल स्वस्तात मिळतंय म्हणून उचलण्याआधी खालची मोकळी तार छेडावी आणि पेडल चालू-बंद करत ऐकावी. हेडफोनवर किंवा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलेल्या नमुन्यात ही गोष्ट कळत नाही.

ठरावीक नावं सतत फिरत राहतात. बॉसचं ओसी-२ हे त्यातलं पहिलं. १९८२ ते २००३ या काळात बनलेलं हे अ‍ॅनॉलॉग पेडल वाजवलेल्या सुराखाली एक आणि दोन सप्तकं खालचा सूर जोडतं. एका वेळी एकच सूर त्याला कळतो, आणि बासच्या अगदी खालच्या सुरांवर ते अडखळतं. तरीही पिनो पॅलाडिनो यांच्या ऐंशीच्या दशकातल्या फ्रेटलेस बासमुळे त्या जाड, गोल आवाजाची ओढ लागलेली पिढी अजून ते शोधते. २०२० साली आलेल्या ओसी-५ मध्ये जुन्या आवाजाची खास सोय आहे. तरी जुन्याला मागणी राहिली, आणि त्यातही जपानी बनावटीच्या पेडलाला तैवानच्या पेडलापेक्षा जास्त भाव मिळतो. हा जादा भाव मला पटत नाही. तैवानचं चांगल्या स्थितीतलं ओसी-२ मिळालं तर मी तेच घेईन आणि वाचलेल्या पैशांत तारांचा नवा संच बसवीन. बासच्या आवाजात तारांनी पडणारा फरक कुणालाही ऐकू येतो.

दुसरं नाव बिग मफचं, आणि त्यातही रशियन बिग मफचं. माइक मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सनं हे फझ पेडल १९६९च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आणलं. ऐंशीच्या दशकात कंपनी बुडाली, आणि नव्वदच्या दशकात मॅथ्यूज यांनी सोव्हटेक या नावानं ते रशियात बनवून घेतलं. लष्करी हिरव्या रंगाच्या त्या अवजड डब्यात खालचा सूर इतर बिग मफपेक्षा जास्त टिकतो, हे बासवादकांच्या लक्षात आलं आणि तो हातोहात जाऊ लागला. पण त्याची बटणं आणि जॅक फार मजबूत नव्हते. २०१७ साली पुन्हा उभ्या राहिलेल्या कंपनीनं त्याच सर्किटाचं छोटं रूप बाजारात आणलं. वाजवण्यासाठी घ्यायचं असेल तर मी हे छोटंच सुचवीन, कारण जुन्या डब्याचा भाव आता संग्राहकांच्या हाती गेला आहे.

तिसरं नाव आपल्या मराठी वादकाच्या सर्वांत कामाचं: टेक २१ या न्यूयॉर्कच्या कंपनीचं सॅन्सअ‍ॅम्प बास ड्रायव्हर डीआय, नव्वदच्या दशकातलं. अँड्र्यू बार्टा यांनी व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची ऊब एका छोट्या डब्यात आणली आणि त्याची जोडणी थेट मिक्सरला करून दिली. आपल्याकडे कॉलेजचा मंच असो, गणेशोत्सवातला वाद्यवृंद असो की गोव्यातलं लग्न असो, बासवादकाला मंचावर चांगला अ‍ॅम्प मिळेलच याची खात्री नसते; साउंडवाला एक केबल हातात देतो आणि आवाज थेट मिक्सरमध्ये जातो. अशा ठिकाणी पायाशी सॅन्सअ‍ॅम्प असेल तर आवाजाची लाज राहते. जगभर हे पेडल इतकं विकलं गेलं आहे की वापरलेलं सहज मिळतं. जुन्या आवृत्तीत मधल्या सुरांचं वेगळं बटण नव्हतं, ते दुसऱ्या आवृत्तीत आलं; घेताना एवढं पाहावं. बेहरिंगरची प्लास्टिकच्या डब्यातली नक्कल फार स्वस्त आहे आणि आवाजाला वाईट नाही, पण प्लास्टिकच्या डब्यावर वर्षानुवर्षं पाय पडणार असेल तर मी धातूचाच डबा घेईन.

अलीकडच्या काळात हेलसिंकीच्या डार्कग्लासनं बासच्या फाटक्या आवाजाची कल्पनाच बदलली. चिलीहून फिनलंडला गेलेल्या डग्लस कास्त्रो यांनी २००९ साली ती सुरू केली. बी३के आणि बी७के ही तिची पेडलं मेटल संगीतात इतकी पसरली की वापरलेल्यांचाही मोठा साठा तयार झाला. आवाज उत्तम, पण आतली मांडणी बारीक, पृष्ठभागावर चिकटवलेल्या सुट्या भागांची आहे. ती दुरुस्त होते, फक्त हात सराईत लागतो.

पेडल तपासायला फार हत्यारं लागत नाहीत. प्रत्येक बटण शेवटपासून शेवटपर्यंत फिरवावं. खरखर आली तर बटणामागच्या पॉटमध्ये धूळ आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरनं ती बहुतेकदा जाते. खरखरीबरोबर आवाज एका ठिकाणी गायब होत असेल तर पॉट बदलावा लागेल. पायाचं बटण पुन्हापुन्हा दाबावं, जॅकमधली केबल हलवून पाहावी, बॅटरीचा कप्पा उघडून हिरवट-पांढरी साय आहे का ते पाहावं. मागचा पत्रा काढायची परवानगी मागावी. विकणारा आनंदानं पेचकस देत असेल तर अर्धी शंका तिथेच फिटते. आत नवं सोल्डर चमकत असेल तर काय बदललं, कुणी बदललं, हे विचारावं. चांगली दुरुस्ती हा दोष नाही. लपवलेली दुरुस्ती हा दोष आहे. पेडलबोर्डसाठी तळाला वेल्क्रो चिकटवलेलं असेल तर भाव थोडा उतरतो, विशेषतः त्यासाठी तळाचं रबर काढलं असेल किंवा अनुक्रमांकाचं लेबल फाटलं असेल तर. आवाजाशी याचा काडीचा संबंध नाही, म्हणून वाजवणाऱ्यानं अशीच पेडलं शोधावीत.

सर्वांत जास्त पेडलं मरतात ती चुकीच्या विजेनं. आजचा प्रचलित नियम ९ व्होल्ट डीसी आणि पिनच्या मधोमध ऋण टोक असा आहे, पण जुनी पेडलं तो पाळतातच असं नाही. सत्तरच्या दशकातल्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या आणि सुरुवातीच्या रॅट पेडलांना हेडफोनसारखी बारीक पिन लागते. बॉसच्या जुन्या पेडलांवर एसीए असं लिहिलेलं असतं. त्यांना १२ व्होल्टचा जुन्या पद्धतीचा अ‍ॅडॅप्टर हवा, आणि आजचा ९ व्होल्टचा पीएसए अ‍ॅडॅप्टर लावला की दिवा मंद जळतो व पेडल दमल्यासारखं वागतं. कित्येक जण असं पेडल बिघडलेलं समजून मातीमोल विकतात. उलट बाजूची चूक महाग पडते: टोकं उलटी असलेला अ‍ॅडॅप्टर लावला की संरक्षक डायोड जळतो, कधी त्यामागची आयसीही जाते. डायोड गेला असेल तर तो काही रुपयांचा भाग आहे. म्हणून ‘चालत नाही, आहे तसं’ असं सांगून विकलं जाणारं साधं अ‍ॅनॉलॉग पेडल मला नेहमी विचार करण्यासारखं वाटतं.

आणि इथे आपली बाजू भक्कम आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, या ठिकाणी प्रतिरोधक, कपॅसिटर, पॉट, जॅक, आयसी सुटे मिळतात, आणि रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करत हात तयार झालेले कारागीर अजून आहेत. रॅट, बिग मफ, ओसी-२ यांच्या आत त्यांना अनोळखी असं फारसं काही नाही. सुट्या भागांच्या बऱ्याच दुरुस्त्या काहीशे रुपयांत होतात. अमेरिकेत अशी दुरुस्ती अनेकदा परवडत नाही, कारण तिथे कारागिराचा तास महाग पडतो.

डिजिटल यंत्रांचा हिशेब निराळा. लाइन ६ चं एचएक्स स्टॉम्प २०१८ साली आलं, न्यूरल डीएसपीचं क्वाड कॉर्टेक्स त्यानंतर, आणि पेडलबोर्डभर डब्यांचं काम एका खोक्यात होऊ लागलं. झूमची छोटी मल्टि-इफेक्ट यंत्रंही विद्यार्थ्यांसाठी वरदान आहेत. शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला मी वापरलेलं झूमच घ्यायला सांगीन, त्यात कॉम्प्रेसरपासून ट्यूनरपर्यंत सगळं हाताशी येतं. पण त्यात घातलेला पैसा परत येईल अशी आशा धरू नये. नवी पिढी आली की जुनीचा भाव झपाट्यानं पडतो. पडदा, फिरतं एन्कोडर आणि यूएसबीचा जॅक हे तिघं आधी दगा देतात, आणि मुख्य चिप गेली तर कारागीर हात टेकतो. विकत घेताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. काही यंत्रांचे आवाज आणि परवाने पहिल्या मालकाच्या खात्याला जोडलेले असतात. त्यानं यंत्र आपल्या खात्यातून काढलंय का, ते समोरासमोर पाहूनच पैसे द्यावेत.

अ‍ॅम्पच्या बाबतीत दुरुस्तीचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. अँपेगचा एसव्हीटी १९६९ साली आला: ३०० वॉट, १४ व्हॉल्व्ह, नुसतं हेड ३५ किलोहून जड, आणि खाली दहा इंची आठ स्पीकरचं कपाटाएवढं कॅबिनेट. मोठ्या मैदानांवरच्या रॉकला बास पुरेनासा झाला तेव्हा तो बनला, आणि रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिकी दौऱ्यानं त्याचं नाव झालं. आज त्याचा जुना नग परदेशात अनेकदा अपेक्षेपेक्षा स्वस्त मिळतो, कारण तो उचलायला कुणी तयार नाही. त्याचं सर्किट उघड्या पुस्तकासारखं वाचता येतं. पण आउटपुटचे सहा जुळवलेले व्हॉल्व्ह बदलणं हा मोठा खर्च आहे, आणि बंद केल्यावरही आतले कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून ठेवतात, तेव्हा व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये हौशी माणसानं हात घालू नये. त्याच्या उलट टोकाला तीन किलोंच्या आतबाहेरचे क्लास डी अ‍ॅम्प आहेत. लोकलच्या गर्दीतून पाठीवर नेता येतात, आवाज भरपूर. ते गेले की मात्र अख्खं पॉवर मॉड्यूल बदलावं लागतं, आणि ते कंपनी देईल तोवरच मिळतं. गेन्झ बेन्झ ही या हलक्या अ‍ॅम्पमधली नावाजलेली कंपनी. ती फेंडरच्या हाती गेल्यावर २०१३च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. तिचे अ‍ॅम्प आजही सुंदर वाजतात. मॉड्यूल गेलं की मालकाला दुसरा मेलेला अ‍ॅम्प शोधून त्यातले भाग काढावे लागतात. म्हणून क्लास डी अ‍ॅम्प जुना घ्यायचा तर चालू कंपनीचा घ्यावा.

वाद्याविषयी थोडक्यात. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बास आणली, १९६० साली जाझ बास. १९६५च्या जानेवारीत सीबीएसनं १.३ कोटी डॉलरना कंपनी घेतली, आणि त्याआधीच्या वाद्यांचा एक वेगळाच महागडा वर्ग तयार झाला. सत्तरच्या दशकातली जड वाद्यं एकेकाळी कुणी विचारत नव्हतं. ती ऐकत वाढलेली माणसं कमावती झाली आणि त्यांचेही भाव चढले. या वर्गात फसवणूक पुष्कळ आहे: नेकवर खोटा शिक्का, एका वाद्याचा देह आणि दुसऱ्याचा नेक. आतल्या पॉटवरचा आकडा मदत करतो. १३७ नं सुरू होणारा आकडा सीटीएस या कंपनीचा, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. त्यामुळे १३७६६३३ असेल तर तो पॉट १९६६च्या तेहतिसाव्या आठवड्यातला. वाद्य त्याआधीचं आहे असं कुणी म्हणत असेल तर एक तर पॉट बदललेला आहे किंवा माणूस खोटं बोलतो आहे. आपल्यासारख्या वाजवणाऱ्यांसाठी खरी खाण जपानी, मेक्सिकन आणि चांगल्या स्क्वायर वाद्यांत आहे. त्यात तीनच गोष्टी कसून पाहाव्यात: ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो का, नेकला पीळ पडलाय का, आणि फ्रेट किती झिजलेत. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात नेक फुगतो आणि हलतो, म्हणून ट्रस रॉडची परीक्षा आपल्याकडे जास्तच महत्त्वाची. बाकी पिकअप, पूल, खुंट्या सगळं बदलता येतं.

भारतात आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात, टोनी वाझ यांच्यासारखे वादक राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत बास वाजवत होते तेव्हा, नवं वाद्य मिळवण्याचा रस्ता बहुधा परदेशातून येणाऱ्याच्या सामानातून जायचा. आज दुकानं आहेत, तरी अमेरिकेतल्या भावाकडून किंवा जपानला कामाला गेलेल्या मैत्रिणीकडून जुनं मागवण्याची पद्धत टिकून आहे. २०२२ नंतर येन घसरल्यावर तोक्योतल्या ओचानोमिझूची गिटार-गल्ली परदेशी गिऱ्हाइकांना आणखी जवळची वाटू लागली, आणि तिथली वापरलेली वाद्यं निगुतीनं राखलेली असतात. पेडल मागवणं सोपं आहे, कारण अ‍ॅडॅप्टर इथे मिळतो. अ‍ॅम्प मागवण्याआधी मात्र मागचा पत्रा पाहावा. अमेरिकेचा पुरवठा १२० व्होल्टचा, जपानचा १००चा, आपला २३०चा. सरळ खुपसला तर फ्यूज उडून वाचला तर नशीब. वॉटचा हिशेब करून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो आणि त्याचं वजन व किंमत आधीच सौद्यात धरावी लागते. सीमाशुल्काचंही तसंच. लाकडाचा एक नियमही ठाऊक असावा: २०१७च्या जानेवारीपासून रोझवूडच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, आणि २०१९च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवूडला ती सूट नाही. जुन्या फेंडरच्या फ्रेटबोर्डला ते असू शकतं.

आता विकणाऱ्याकडे वळू, कारण या बाजाराची तब्येत त्याच्यावर आहे. चांगल्या स्थितीतलं चालू उत्पादनातलं पेडल नव्याच्या ६०-७० टक्क्यांना सहसा जातं. २०२०च्या टाळेबंदीत घरात अडकलेल्या माणसांनी वाद्यं घेतली, फेंडरची विक्री त्या वर्षी विक्रमी झाली, आणि जुन्याचे भावही फुगले. पुढे ते उतरले. त्या फुगलेल्या भावात घेतलेल्या वस्तूची किंमत आज तेवढी मागणं गिऱ्हाइकावर अन्याय आहे. पुण्या-मुंबईत बास वाजवणारे एकमेकांना ओळखतात. एका खोट्या सौद्याची बातमी पुढच्या कार्यक्रमाआधी सगळीकडे पोचते. म्हणून चरा, खरखर, बदललेला भाग, सगळं फोटोसह सांगावं, अनुक्रमांक दाखवावा, मूळ बिल असेल तर द्यावं, कारण चोरीच्या वाद्यांचा प्रश्न खरा आहे. शक्य असेल तिथे सरावाच्या खोलीत भेटून, अ‍ॅम्पला लावून सौदा करावा. दूरच्या गिऱ्हाइकाला वाजवतानाचा सलग व्हिडिओ पाठवावा. आणि पैसे घेताना कुणी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं तर तिथेच थांबावं. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन लागत नाही, तो पैसे पाठवायला लागतो. या एका युक्तीनं पुष्कळ विद्यार्थी लुबाडले गेले आहेत.

कुरिअर करताना पेडलातली बॅटरी काढावी, बटणांभोवती पुठ्ठ्याची भिंत करावी म्हणजे दाबानं पॉटचा दांडा वाकत नाही, आणि बास पाठवताना तारा थोड्या सैल करून हेडस्टॉकच्या मागे भरीव आधार द्यावा. वाद्य तुटतं ते तिथेच. त्याच खोक्यात मी आणखी एक कागद टाकायला सांगीन: त्या पेडलाची किंवा अ‍ॅम्पची सर्किट आकृती, छापलेली, आणि आपण त्यात काही बदललं असेल तर त्या जागी पेनानं केलेली खूण. पुढे कधी ते तपकीर गल्लीतल्या टेबलावर उघडलं जाईल, तेव्हा कारागिराचे दोन तास वाचतील आणि नव्या मालकाचे पैसे. असा कागद देणाऱ्याला मी पाचशे रुपये जास्त द्यायला तयार आहे.